आशियाई क्रीडासामन्यांत कबड्डी

आशिया खंडातील राष्ट्रांचे क्रीडापटू साधारणपणे दर चार वर्षांनी एकत्र येतात आणि आपले बळ, चापल्य व कौशल्य परस्परांशी पडताळून पाहतात. या मेळाव्यास आशियाई क्रीडासामने असे म्हणतात. त्यांचा आरंभ १९५१ च्या मार्च महिन्यात दिल्ली येथे झाला. त्या वेळी अकरा राष्ट्रांनी त्यांत भाग घेतला होता. आज त्यांत सहभागी होणाऱ्या राष्ट्रांची आणि खेळांची संख्या पुष्कळ वाढली आहे. फुटबॉल, हॉकी, पोहणे, धावणे असे जगभर खेळले जाणारे अनेक खेळ तेथे असतात. परंतु त्यांत एक खेळ असा आहे की, जो भारताच्या खेड्यापाड्यांतील अंगणात जन्मला आणि तेथूनच आशियाच्या क्रीडांगणावर गेला. तो खेळ म्हणजे कबड्डी. या खेळात भारताच्या संघांनी काय मिळवले, एकदा काय गमावले आणि गमावलेले पुन्हा कसे मिळवले, याचा वृत्तान्त मोठा उद्बोधक आहे.

कबड्डीचा पहिला गुण म्हणजे तिचा साधेपणा. या खेळास चेंडू लागत नाही, फळी लागत नाही, जाळे लागत नाही. लागते ती थोडीशी मोकळी जागा आणि खेळणाऱ्यांचा उत्साह. छत्रपती संभाजीनगर शहरातील औरंगपुरा हा भाग पाहावा. पुस्तकांची दुकाने, भाजीची मंडई, शाळा आणि महाविद्यालये यांनी तो सदैव गजबजलेला असतो. सरस्वती भुवन या जुन्या शिक्षणसंस्थेच्या इमारती येथेच आहेत. अशा दाट वस्तीत क्रिकेटसाठी विस्तीर्ण मैदान मिळणे सोपे नाही. परंतु पुरुषांच्या कबड्डीचे संपूर्ण क्रीडांगण अवघे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. स्त्रियांचे तर १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. शाळेच्या आवाराचा एक कोपरा झाडून घेतला, खडे वेचले आणि चुन्याच्या रेषा आखल्या, की मैदान सिद्ध होते. ज्या खेळास धन लागत नाही, तो खेळ गरिबाच्या मुलासही तितकाच आपला वाटतो.

साधेपणा म्हणजे सोपेपणा मात्र नव्हे. क्रीडांगणाचे मध्यरेषेने दोन समान भाग केलेले असतात. प्रत्येक भागात एकेका संघाचे सात खेळाडू उभे राहतात. एका संघाचा एक खेळाडू ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. यास चढाई म्हणतात. तेथे जितक्या गड्यांना स्पर्श करून तो मध्यरेषेपलीकडे सुखरूप परततो, तितके गडी बाद होतात आणि तितके गुण त्याच्या संघास मिळतात. उलटपक्षी, त्याला पकडून त्याचा दम संपेपर्यंत रोखून धरले, तर तो स्वतः बाद होतो आणि गुण प्रतिपक्षाच्या पदरात पडतो. एका चढाईस फार तर तीस सेकंदांचा अवधी असतो. चढाई करणारा निदान रेषा ओलांडल्याखेरीज, कोणासही स्पर्श न करता, तसाच परत फिरला, तर तोही बाद ठरतो. समोर सहा किंवा सात गडी उभे असताना त्याने त्याही पलीकडची बोनस रेषा ओलांडली, तर एक अधिक गुण मिळतो.

बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. आपल्या संघाने प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, की बाहेर बसलेला एक गडी पुन्हा आत येतो. म्हणून या पद्धतीस संजीवनी असे अन्वर्थक नाव पडले. पूर्वी गामिनी व अमर अशा आणखी दोन पद्धती प्रचारात होत्या. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर पद्धतीत गडी मैदानातच राही आणि केवळ गुण मोजले जात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आज संजीवनी पद्धतच रूढ आहे. एखाद्या संघाचे सर्व गडी बाद झाले, तर प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळतात. यास लोण चढवणे असे म्हणतात. लोण चढले की पाहता पाहता सामन्याचा रंग पालटतो.

या सर्व नियमांमागे एक मर्म आहे. चढाई करणारा एकटा असतो आणि त्याच्यासमोर सातजण असतात. त्याचे बळ त्याच्या श्वासात, पायांच्या गतीत आणि क्षणात घेतलेल्या निर्णयात असते. सातजणांचे बळ त्यांच्या एकीत असते. हातांत हात गुंफून उभ्या राहिलेल्या साखळीतील एका गड्याने क्षणभर आधी झडप घातली, तर साखळी तुटते आणि सारेच संकटात सापडतात. व्यक्तीचे शौर्य आणि समूहाची शिस्त या दोन्ही गुणांची एकाच खेळात अशी कसोटी लागणे विरळा.

हा खेळ भारतात पूर्वापार निरनिराळ्या नावांनी प्रसिद्ध होता. महाराष्ट्रात त्यास हुतूतू म्हणत. तमिळनाडूत तो चेडुगुडु या नावाने आणि बंगालमध्ये हाडुडु या नावाने खेळला जाई. जितकी नावे तितके नियम, अशी स्थिती होती. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला, की खेळण्यापूर्वी नियमांवरच वाद होत असे. खेळास निश्चित नियमांची चौकट देण्याच्या कामी महाराष्ट्रातील व्यायामशाळांनी व क्रीडासंस्थांनी पुढाकार घेतला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत नियम बांधले गेले, ते छापून प्रसिद्ध झाले, आणि त्यांनुसार सामने भरू लागले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्यांत या खेळाचाही समावेश होता. अशा रीतीने युरोपातील प्रेक्षकांनी तो प्रथम पाहिला.

पुढील काळात या खेळाच्या प्रसारासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत शंकरराव साळवी यांचे नाव अग्रभागी आहे. क्रीडाक्षेत्रात ते ‘बुवा’ या आदरार्थी नावाने ओळखले जात. देशात आणि देशाबाहेर कबड्डीस मान मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

१९८२ साली आशियाई क्रीडासामने पुन्हा दिल्लीस भरले. तेव्हा कबड्डीचे केवळ प्रात्यक्षिक दाखविण्यात आले; त्यास पदक नव्हते. १९९० साली बीजिंग येथील सामन्यांत मात्र कबड्डीस पदकाच्या खेळाचे स्थान लाभले आणि भारतीय पुरुषांच्या संघाने पहिलेच सुवर्णपदक जिंकले. तेथून विजयाची जी परंपरा सुरू झाली, ती दीर्घकाळ खंडित झाली नाही. १९९४ साली हिरोशिमा, १९९८ साली बँकॉक, २००२ साली बुसान, २००६ साली दोहा, २०१० साली ग्वांगझू आणि २०१४ साली इंचॉन, अशा प्रत्येक ठिकाणी सुवर्णपदक भारतासच मिळाले. लागोपाठ सात वेळा! ग्वांगझू येथे स्त्रियांच्या कबड्डीचाही प्रथमच समावेश झाला. तेथे भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात थायलंडचा २८-१४ असा पराभव केला आणि इंचॉन येथे इराणवर ३१-२१ असा विजय मिळविला.

केवळ सुवर्णपदकांची गणना केली, तर या काळात भारतास तुल्यबळ कोणीच नव्हते असे वाटेल. परंतु रौप्यपदके कोणाकडे गेली, हे पाहिले म्हणजे वेगळेच चित्र दिसते. आरंभीच्या पाच सामन्यांत दुसरे स्थान बांगलादेश किंवा पाकिस्तान यांपैकी एकास मिळत असे. हा खेळ त्या देशांच्याही मातीतलाच होता. २०१० पासून मात्र दुसऱ्या स्थानावर इराण येऊन बसला. इंचॉनच्या अंतिम सामन्यात मध्यंतरास इराणच आघाडीवर होता. भारतीय संघाने उत्तरार्धात शर्थ केली आणि सामना २७-२५ असा जिंकला. दोन गुणांचे ते अंतर एक इशारा होता. विजयाच्या घोषात तो अनेकांच्या कानी पडला नाही.

इतर राष्ट्रांची प्रगती अकस्मात झाली नव्हती. इराणात कुस्तीची परंपरा फार प्राचीन आहे. कुस्तीत कमावलेली मांड, मनगटाची पकड आणि खांद्यांचे बळ कबड्डीतील पकडीस अत्यंत उपयोगी पडते. दक्षिण कोरियाच्या खेळाडूंनी चपळता व सातत्याचा सराव यांच्या जोरावर हा खेळ आत्मसात केला. २०१४ साली भारतात व्यावसायिक कबड्डीची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात परदेशी खेळाडूही खेळू लागले. भारतीय खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळताना त्यांच्या चढाया, त्यांचे डावपेच आणि त्यांच्या उणिवा या पाहुण्यांना जवळून पाहावयास मिळाल्या. विद्या दिल्याने कमी होत नाही, हे खरे. परंतु विद्या घेणारा पुढे जाऊ शकतो, हेही तितकेच खरे.

२०१८ सालचे आशियाई क्रीडासामने इंडोनेशियात झाले आणि त्यांतील कबड्डी जाकार्ता येथे खेळली गेली. साखळी सामन्यांत दक्षिण कोरियाने भारतीय पुरुषांस २४-२३ असे एका गुणाने हरविले. आशियाई क्रीडासामन्यांत कबड्डीत भारताचा पराभव होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. तरीही उपांत्य फेरीचे दार उघडे होते. तेथे गाठ पडली ती इराणशी. इराणी बचावपटूंनी भारताच्या नामवंत चढाईपटूंना जखडून टाकले आणि सामना २७-१८ असा जिंकला. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच भारतीय संघ अंतिम सामन्यावाचून परतला. त्याच्या वाट्यास कांस्यपदक आले. पुढे इराणने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियास २६-१६ असे नमविले आणि सुवर्णपदक आपल्या देशी नेले.

दुसऱ्याच दिवशी महिलांचा अंतिम सामना होता. तेथेही समोर इराणच होता. सामना अटीतटीचा झाला आणि इराणी महिलांनी तो २७-२४ असा जिंकला. तीन गुणांनी सुवर्ण हुकले आणि भारतीय महिलांस रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. एका दिवसाच्या अंतराने दोन्ही सुवर्णपदके भारताच्या हातून गेली. ज्या खेळात दुसरे स्थान म्हणजे काय हेही भारतास ठाऊक नव्हते, त्याच खेळात ही वेळ आली.

या पराभवाच्या कथेत महाराष्ट्राच्या दृष्टीने विलक्षण अशी एक गोष्ट आहे. विजयी इराणी महिला संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. अनेक वर्षे महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकविल्यानंतर त्यांनी इराणच्या संघास शिकविण्याचे काम स्वीकारले. भाषा निराळी, आहार निराळा, चालीरीती निराळ्या. तरीही त्या मुलींमध्ये मिसळल्या. त्यांनी मुलींकडून योगासने व प्राणायाम करवून घेतला, कारण ज्या खेळात दम हेच शस्त्र आहे, त्या खेळात श्वासावर ताबा हवाच. जाकार्ता येथे त्यांच्या शिष्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा समोर पराभूत झालेला संघ त्यांच्याच मायदेशाचा होता.

अशा प्रसंगी मनात प्रश्न उभा राहतो. शिक्षकाने आपली विद्या कोणाला द्यावी? आपला खेळ आपल्यापाशीच राहावा, की तो सर्वांनी शिकावा? एका बाजूस आपल्या संघाच्या पराभवाचे दुःख असते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. जो खेळ एकाच देशास येतो, त्यातील विजयास फारसे मोल नसते. प्रतिस्पर्धी दुर्बळ असता मिळालेले सुवर्णपदक चकाकते खरे, पण त्याने खेळाडूची खरी परीक्षा होत नाही. कबड्डी आशियाभर पसरावी, हेच तर साळवी बुवांसारख्यांचे स्वप्न होते. ती खरोखर पसरली, याची खूण जाकार्ताच्या पराभवाने पटविली. शिष्याने गुरूस जिंकावे, यात गुरूचा अपमान नाही. मात्र गुरूने पुन्हा अभ्यासास बसले पाहिजे, एवढा बोध त्यात आहे.

भारतीय संघ पुन्हा अभ्यासास बसले. त्याचे फळ चीनमधील हांगझोऊ येथे दिसले. हे सामने २०२२ साली व्हावयाचे होते. परंतु करोनाच्या साथीमुळे ते २०२३ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत झाले. रितू नेगी यांच्या नेतृत्वाखालील महिला संघाचा आरंभ आश्वासक नव्हता. पहिल्याच सामन्यात चिनी तैपेईने त्यांना ३४-३४ असे बरोबरीत रोखले. त्यानंतर मात्र संघाने दक्षिण कोरियावर ५६-२३, थायलंडवर ५४-२२ आणि उपांत्य सामन्यात नेपाळवर ६१-१७ असे मोठे विजय मिळविले. ७ ऑक्टोबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा चिनी तैपेईच समोर होती. मध्यंतरास भारत १४-९ असा पुढे होता. उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांनी ते अंतर भरून काढले आणि सामना तराजूच्या काट्यासारखा इकडून तिकडे झुकू लागला. अखेरीस भारतीय महिलांनी तो २६-२५ असा जिंकला. हांगझोऊ येथील भारताचे ते शंभरावे पदक ठरले. एका संघाच्या एका गुणाने राष्ट्राच्या शतकाची पूर्तता व्हावी, हा योगायोग मोठा सुंदर होता.

त्याच दिवशी पुरुषांचा अंतिम सामना झाला. पवन सेहरावत कर्णधार होता. बांगलादेश, थायलंड, चिनी तैपेई व जपान यांना साखळीत हरवून आणि उपांत्य सामन्यात पाकिस्तानवर ६१-१४ असा दणदणीत विजय मिळवून संघ येथवर आला होता. समोर होता तोच इराण. सामना संपण्यास थोडाच अवधी उरला असता दोन्ही संघांचे २८-२८ असे समान गुण होते. अशा वेळी पवन चढाईस गेला आणि कोणासही स्पर्श न करता बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला. त्याच्या मागोमाग इराणचे काही बचावपटूही त्या क्षेत्रात शिरले.

राखीव क्षेत्र म्हणजे क्रीडांगणाच्या दोन्ही बाजूंस असलेला एक मीटर रुंदीचा पट्टा. स्पर्श किंवा झटापट झाल्याखेरीज त्यात पाऊल टाकता येत नाही. मग येथे बाद कोण? एकटा पवन, की त्याच्यामागून गेलेले बचावपटूही? या नियमाच्या जुन्या व नव्या रूपांत फरक होता आणि त्यातूनच वाद उद्भवला. पंचांचे निर्णय बदलत गेले. दोन्ही संघांनी निषेध नोंदविला. खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला, उरलेला खेळ पूर्ण झाला आणि भारताने सामना ३३-२९ असा जिंकून सुवर्णपदक परत मिळविले.

या विजयाचा आनंद झाला, तसा त्या वादाचा खेदही अनेकांस वाटला. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील व्यायामशाळांनी नियम बांधले, ते असे वाद मिटावेत म्हणूनच. खेळ जसजसा मोठा होतो, तसतसे नियम अधिक स्पष्ट आणि सर्वांस एकसारखे ठाऊक असले पाहिजेत. हरणाऱ्यासही निर्णय न्याय्य वाटावा, यातच नियमाची सार्थकता असते.

हांगझोऊच्या या यशात महाराष्ट्राचाही वाटा होता. अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे पुरुषांच्या संघात होते. पुण्याची स्नेहल शिंदे महिलांच्या संघात होती. त्या सामन्यांत भारताने २८ सुवर्ण व ३८ रौप्य पदकांसह एकूण शंभराहून अधिक पदके मिळविली. तोपर्यंतच्या आशियाई क्रीडासामन्यांतील भारताची ती सर्वोत्तम कामगिरी होती. त्यांपैकी दोन सुवर्णपदके कबड्डीची होती.

१९९० ते २०२३ या काळाचा हिशेब मांडला, तर पुरुषांच्या नऊ स्पर्धांत आठ सुवर्ण व एक कांस्य, आणि महिलांच्या चार स्पर्धांत तीन सुवर्ण व एक रौप्य, असे भारताचे यश दिसते. म्हणजे तेरा स्पर्धांत अकरा सुवर्णपदके. ही संख्या अभिमानास्पद आहेच. परंतु या तेरा निकालांत सर्वांत अधिक शिकविणारे निकाल कोणते, असे विचारले, तर उत्तर सुवर्णपदकांच्या यादीत सापडणार नाही. ते जाकार्ता येथील एका कांस्यात आणि एका रौप्यात आहे. त्या दोन पदकांनी भारतीय खेळाडूंस सांगितले की, खेळाचा जन्म आपल्या घरी झाला म्हणून विजयही आपल्या घरी जन्मत नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो.

कबड्डीचा नियमही हेच सांगतो. चढाईस जाणारा काल कितीही गुण मिळवून परतला असो, आजच्या चढाईस त्याला नवा श्वास घ्यावा लागतो. बाद झालेल्यास पुन्हा आत येण्याची संधी असते, परंतु ती त्याचे सोबती लढत राहिले तरच मिळते. औरंगपुऱ्यातील शाळेच्या आवारात असो, जाकार्तात असो की हांगझोऊ येथे असो, मध्यरेषा ओलांडणाऱ्या प्रत्येक खेळाडूस हा धडा नव्याने गिरवावा लागतो.